नवे वनस्पती उद्यान उभारायचे आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजातले प्राध्यापक, शिक्षणसंस्थांचे विश्वस्त, गावाकडे पाच-दहा एकर राखून असलेली निवृत्त मंडळी, क्वचित एखादी ग्रामपंचायत. विचारणारे बदलतात, प्रश्न मात्र फिरून तेच येतात. म्हणून उत्तरे एकदाची लिहून काढली. अनुभव मुख्यतः सह्याद्री आणि देशावरचा आहे. विदर्भात किंवा कोकणपट्टीत पाऊस-मातीचे गणित वेगळे बसेल.

आमच्या कॅम्पसवर तीनशे जातींची झाडे आहेत. मग वनस्पती उद्यान आहेच की?

नाही. तो झाडांचा छान संग्रह आहे, आणि तोही काही कमी नाही.

समजा, दोन सीता-अशोक शेजारी शेजारी उभे आहेत. एक हायवेवरच्या नर्सरीतून आणलेला. दुसऱ्याचे बी अमुक तालुक्यातल्या अमुक देवराईतून, अमुक तारखेला, अमुक माणसाने गोळा केलेले, आणि ते सगळे वहीत लिहिलेले. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, फुलेही तशीच येतात. पण उद्या कुणी या जातीवर संशोधन करायला आले, किंवा त्या देवराईत पुन्हा अशोक लावायचे ठरले, तर उपयोगी पडेल तो दुसराच. वनस्पती उद्यान म्हणजे नोंद असलेल्या जिवंत झाडांचा संग्रह, आणि तो अभ्यास, जतन, शिक्षण यांसाठी राखलेला. नोंद काढून घेतली की उरते ती बाग. ऑक्सिजन पार्क, मियावाकी, नक्षत्रवन यांचे हेतू निराळे आहेत, त्यांच्याशी भांडण नाही. फक्त पाटीवर ‘बोटॅनिकल गार्डन’ लिहू नये.

पाच एकरांत होईल का?

होईल. इटलीतल्या पाडुआचे उद्यान १५४५ सालचे आहे. मूळ जागेवर आजवर टिकलेले ते सर्वांत जुने विद्यापीठीय वनस्पती उद्यान, आणि ते साधारण साडेपाच एकरांत मावते. तिथे १५८५ मध्ये लावलेला एक पाम अजून उभा आहे. लंडनचे चेल्सी फिजिक गार्डन १६७३ पासून जेमतेम चार एकरांत चालले आहे. उलट कोलकात्याजवळचे हावड्याचे उद्यान पावणेतीनशे एकरांच्या आसपास आहे. एवढी जागा सांभाळताना सरकारी यंत्रणेचाही घाम निघतो.

जागा कमी असेल तर विषय आवळा. पाच एकरांत ‘भारतातील वृक्ष’ मावणार नाहीत. ‘आमच्या तालुक्यातल्या सड्यांवरच्या (कातळाच्या पठारांवरच्या) आणि ओढ्याकाठच्या वनस्पती’ मावतील, आणि तसा संग्रह बहुधा दुसरीकडे कुठेच नसेल.

महाराष्ट्रात असे काही पूर्वी झाले आहे का?

झाले आहे, आणि त्यातली दापोडीची गोष्ट प्रत्येक विश्वस्ताने ऐकावी अशी आहे. पुण्याजवळ दापोडीला १८२८ मध्ये मुंबई सरकारचे वनस्पती उद्यान सुरू झाले. १८३८ ते १८४७ या काळात डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे अधीक्षक होते. पुढे तेच मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. तिथल्या वनस्पतींची त्यांनी एका इथल्याच चित्रकाराकडून शंभराहून अधिक चित्रे काढून घेतली. चित्रकाराचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. चित्रे आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात सुखरूप आहेत. मूळ उद्यान मात्र १८६० च्या दशकात गुंडाळले गेले. गव्हर्नरांचा मुक्काम गणेशखिंडीकडे हलला, आणि बागेचा वाली गेला. गणेशखिंडीत पुन्हा उद्यान झाले. आता तिथे कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे, आणि २०२० मध्ये त्या जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

झाडे शंभर वर्षे जगतात, बदली तीन वर्षांत होते. म्हणून जमीन कुणाच्या नावावर, उद्यान कोणत्या ठरावाने आणि प्रमुख बदलला तर जबाबदारी कुणाची, हे पहिला खड्डा खणण्याआधी कागदावर आणा.

भायखळ्याची राणीची बाग आणि पुण्याची एम्प्रेस गार्डन सर्वांना ठाऊक आहेत. आजच्या काळात काम कसे चालते ते पाहायचे असेल तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जा. तिथल्या उद्यानाला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ‘लीड बोटॅनिकल गार्डन’ म्हणून मान्यता दिलेली आहे.

जागा निवडताना काय पाहायचे?

पाणी, माती, चढ-उतार, रस्ता हे सगळे पाहतातच. सहसा पाहिले जात नाही ते एवढेच, की त्या जागेवर आत्ता काय उगवते आहे.

सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ लिहिलेली जमीन म्हणजे रिकामी जमीन, असे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. जांभ्याचा सडा मे महिन्यात तव्यासारखा दिसतो. त्याच सड्यावर ऑगस्टमध्ये कातळावरच्या इंचभर मातीत अशा वनस्पती येतात ज्या जगात दुसरीकडे नाहीत. कास हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. तिथल्या तळ्यांतली वायतुरा ही पाणवनस्पती कुठल्या नर्सरीत मिळत नाही. अशा सड्यावर ट्रकने माती टाकून वड-पिंपळ लावणे म्हणजे संवर्धनाच्या नावाखाली केलेली नासधूस होय. माळरानालाही हेच लागू. आणि देवराईत उद्यान करू नका. ती आधीच उद्यान आहे.

खरोखर योग्य जागा कोणती? बंद पडलेली दगडखाण, जुनी शेतजमीन, गिरिपुष्पाची किंवा निलगिरीची फसलेली लागवड. जिथे बिघडवण्यासारखे फार उरलेले नाही तिथे घडवण्याला वाव आहे.

पाण्याचा हिशेब कसा करायचा?

एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस होणाऱ्या गावात एका एकरावर जवळजवळ २८ लाख लिटर पाणी पडते. त्यातले बरेचसे वाहून जाते.

आता गरज. पाचशे रोपे, प्रत्येकाला आठवड्याला वीस लिटर, नोव्हेंबर ते मे असे तीस आठवडे धरले तर तीन लाख लिटर झाले. रोपवाटिकेचे पाणी वेगळे, शेततळ्यातून उडून जाणारे वेगळे. म्हणजे आकडा आवाक्यातला आहे, पण बांध, चर आणि साठवण आधी हवी. पाणी नंतर बघू म्हणून लावलेली रोपे पहिल्याच एप्रिलमध्ये जातात. दोन उन्हाळे टँकरने काढायची तयारी मनातून आणि खिशातून ठेवाच.

कोणती झाडे लावायची याची यादी देता का?

नाही. यादी मागणाऱ्यांना मी उलटे विचारतो, तुमचा विषय काय? संग्रहाचे धोरण दोन पानांत लिहा. काय घेणार, कशासाठी, आणि काय घेणार नाही. हे तिसरे सर्वांत महत्त्वाचे, कारण वाढदिवसाला, पुण्यतिथीला, मंत्र्यांच्या हस्ते रोपे येत राहतात, आणि नाही म्हणायला कागदाचा आधार लागतो.

सह्याद्रीसाठी विषय भरपूर आहेत. कंदीलपुष्पे, म्हणजे सेरोपेजिया, घेता येतील. त्यांच्या कितीतरी जाती फक्त इथल्याच कड्याकपाऱ्यांवर आहेत. शिवनेरी परिसरातल्या खडकांवर वाढणारी शिंदळ माकुडी हीही त्याच कुळातली. रानभाज्या, रानहळदी, वेली, गवते हेही विषय होऊ शकतात. गवतांकडे कुणी पाहत नाही, म्हणून तिथे काम जास्त आहे.

रोपे नर्सरीतून घेतली तर चालतील?

सावलीसाठी, कुंपणालगत, पार्किंगजवळ चालतील. संग्रहासाठी नाही.

संग्रहाचे बी मूळ जागेवरून यावे, आणि एकाच झाडाचे नको. पन्नास रोपे लावली, पण सगळी एकाच आंब्याच्या आईची, तर ती पन्नास भावंडे झाली. जात वाचली असे त्याने होत नाही. सर्वसाधारण नियम असा की एका ठिकाणच्या निदान पन्नास झाडांकडून थोडे थोडे बी घ्यावे, आणि त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी पाचव्या हिश्श्याहून जास्त उचलू नये. पन्नास झाडेच शिल्लक नसतील, आणि दुर्मीळ जातींत तसेच असते, तर जेवढी आहेत त्या प्रत्येकाचे बी वेगळ्या पाकिटात ठेवा. पाकीट कागदी हवे, प्लास्टिकचे नको. बुरशी येते.

जंगलातून रोप उपटून आणू नका. अपवाद रस्त्यात, धरणात किंवा खाणीत जाणाऱ्या जागेचा. तोही परवानगी घेऊनच.

कारवीसारख्या वनस्पतीचे तर पंचांग सांभाळावे लागते. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून मरते. ते वर्ष चुकले की पुढच्या फुलोऱ्यापर्यंत तुम्ही मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले असाल.

नोंदवहीत नेमके काय लिहायचे?

एका जागेवरून, एका दिवशी, एका जातीचे जे काही आणले त्याला एक क्रमांक द्या, जसे २०२५-००३७. त्यातून वीस रोपे झाली तर ००३७/१ ते ००३७/२०. क्रमांकासमोर शास्त्रीय नाव, गावातले नाव, गोळा करणाऱ्याचे नाव, तारीख, गाव-तालुका, जीपीएस, उंची, आजूबाजूला काय होते, बी होते की फांदी, ओळख कुणी पटवली, आणि बागेत कुठल्या वाफ्यात लावले. जमले तर त्याच झाडाची फांदी दाबून, वाळवून हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाच्या, कागदावर चिकटवा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत झेवियर्सचे ब्लॅटर हर्बेरियम, इथे नमुने ताडून पाहता येतात. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा १९०१ ते १९०८ मध्ये निघालेला ग्रंथ अजूनही उघडावा लागतो.

गावातले नाव ऐकले तसे लिहा, शुद्ध करू नका. एकाच झाडाला घाटावर एक आणि घाटाखाली दुसरे नाव असते. दोन्ही लिहा.

झाड मेले तर ओळ खोडू नका. मेल्याची तारीख आणि कारण लिहा, आणि तो क्रमांक पुन्हा कुणाला देऊ नका. मेलेल्यांची नोंद ठेवायला लोक लाजतात. खरे तर ‘जुलैत मूळ कुजून गेले’ असे चार वर्षे सलग लिहिले गेले, की पाचव्या वर्षी निचऱ्याचा वाफा आपोआप होतो.

हजार-दोन हजार नोंदींपर्यंत साधे एक्सेल पुरते. महागडे सॉफ्टवेअर घेऊन त्यात काहीच न भरलेली उद्याने मी पाहिली आहेत. कागदी वही आणि संगणकातली प्रत दोन्ही ठेवा, वेगवेगळ्या इमारतींत.

पाट्या कशाच्या कराव्यात?

आमच्या पहिल्या वर्षी रोपांच्या पट्ट्यांवर मार्करने नावे लिहिली. मार्करवर ‘पर्मनंट’ छापलेले होते. गणपती येईपर्यंत दोनशे पट्ट्या कोऱ्या. त्यानंतर पेन्सिल. साध्या पेन्सिलीने खरखरीत पट्टीवर लिहिलेले पावसाला दाद देत नाही. मोठ्या झाडांना ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर टोकदार खिळ्याने क्रमांक कोरा आणि ती सैल तारेने फांदीला अडकवा. खोडात खिळा ठोकू नका, तार आवळू नका.

लोकांसाठीची मोठी पाटी वेगळी. तिच्यावर नाव कायमचे कोरू नका, कारण नावे बदलतात. आपल्या बाभळीचे ‘अकेशिया निलोटिका’ हे नाव सगळ्यांच्या तोंडी होते. ‘अकेशिया’ हे नाव ऑस्ट्रेलियातल्या जातींकडे ठेवण्याच्या निर्णयावर २०११ च्या मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या परिषदेत शिक्कामोर्तब झाले, आणि आपली बाभूळ ‘व्हाचेलिया’ झाली, खैर ‘सेनेगालिया’. सागवान निर्गुडीच्या कुळातून तुळशीच्या कुळात गेला. ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरे कोरणाऱ्यांची पंचाईत झाली. पाटी स्क्रूने बसवा.

मांडणी कुळांनुसार करावी की कशी?

बी.एस्सी.चे विद्यार्थी हेच तुमचे मुख्य पाहुणे असतील तर कुळांनुसार, पण थोडक्या वाफ्यांत. बाकी जागा अधिवासानुसार मांडा. ओढा, कातळ, माळ, सावलीचे रान असे. झाडाला काय लागते ते आपोआप जवळ येते, पाणी वाचते आणि पाहणाऱ्यालाही गोष्ट कळते.

अंतराबाबत एकच सांगतो. दोन फुटांचे रोप पाहून अंतर ठरवू नका. मोठ्या वृक्षांत आठ-दहा मीटर ठेवा, वडाला त्याच्या दुप्पट-तिप्पट. मधल्या जागेत पहिली दहा वर्षे झुडपे आणि वर्षायू येऊ द्या. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून तापू द्यावेत आणि दोन चांगले पाऊस झाल्यावर लावणी करावी, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. उद्घाटनाची तारीख ठरवणाऱ्यांना सांगावे लागते.

विदेशी झाडे अजिबात नकोत का?

सरसकट बंदी मला पटत नाही. राणीच्या बागेतली गोरखचिंच आफ्रिकेची आहे, आणि मुंबईच्या मुलांना झाड किती जाड असू शकते हे तिनेच दाखवले. पण वनस्पती उद्यानांच्या पापांचा पाढा मोठा आहे. घाणेरी शोभेचे झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या, म्हणजे हावड्याच्याच, उद्यानात आली. आज ती देशातल्या कुठल्या जंगलात नाही ते सांगणे सोपे. म्हणून बाहेरचे काही आणण्याआधी पाहा: पक्षी बी पसरवतात का, वाऱ्याने उडते का, तुकड्यातून वाढते का, दुसऱ्या उष्ण देशात ते तण झाले आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर विषय संपला.

कुठल्या परवानग्या लागतात?

वनजमिनीतून काहीही गोळा करायला वन विभागाची. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली वेगळी. परदेशातून बी मागवायचे तर वनस्पती संगरोधाचे (क्वारंटाइनचे) २००३ चे आदेश लागू होतात, आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. परदेशी पाठवायचे तर जैवविविधता कायदा २००२ आणि चेन्नईचे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण. राज्य मंडळ नागपूरला आहे. कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्त्या झाल्या आहेत, त्यामुळे जुन्या पुस्तिकेवर विसंबू नका.

कायद्यापलीकडेही एक गोष्ट आहे. केरळात पालोडेला १९७९ मध्ये उभ्या राहिलेल्या वनस्पती उद्यान संस्थेच्या शास्त्रज्ञांना काणी आदिवासींकडून ‘आरोग्यपच्चा’ या थकवा घालवणाऱ्या वनस्पतीची माहिती मिळाली. त्यातून ‘जीवनी’ हे औषध झाले, आणि परवाना शुल्क व स्वामित्वधन यांतला निम्मा वाटा काणींना द्यायचा असे ठरले. वाटपात पुढे अडचणी आल्याच, पण पायंडा पडला. तुमच्या गावातली आजी एखाद्या कंदाचा उपयोग सांगते तेव्हा तिचे नाव वहीत लिहा, आणि ती माहिती फलकावर लावावी का हेही तिलाच विचारा.

झाडे लावण्यापेक्षा बियाणे गोठवून ठेवणे स्वस्त नाही का?

काही वनस्पतींसाठी आहे. गवते, कडधान्यांचे रानटी भाऊबंद यांचे बी नीट सुकवून उणे २० अंशांवर ठेवले तर दशकानुदशके टिकते. पण आंबा, फणस, जांभूळ, जायफळ यांचे बी सुकवले की मेलेच. सदाहरित रानातल्या कितीतरी वृक्षांचे तसेच आहे. त्यांच्यासाठी जिवंत झाडाशिवाय सोपा मार्ग नाही. वर फ्रीजरला चोवीस तास वीज लागते. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांना यापुढे सांगायला नको.

खर्च कशावर करायचा, आणि माणसे किती?

क्रम असा ठेवा: कुंपण, पाणी, रोपवाटिका, माळी, नोंद ठेवणारा. मग पायवाटा. कमान, कारंजे आणि काचघर सर्वांत शेवटी. आमच्या हवेत काचघर कशाला हवे हे मला अजून उमगलेले नाही. शेडनेट पुरते. एकदाचा खर्च देणारे पुष्कळ भेटतात, दर महिन्याचा पगार देणारा भेटत नाही. म्हणून वार्षिक खर्चाची सोय आधी लावा, आणि त्यात बसेल एवढेच उद्यान करा.

माळी आर्किटेक्टच्या आधी नेमा. त्याला शास्त्रीय नावे शिकवा. चार महिन्यांत प्राध्यापकांच्या चुका काढू लागतो. त्याचे नावही नोंदीत येऊ द्या.

लोकांसाठी कधी खुले करावे?

तिसऱ्या-चौथ्या वर्षी, ठरावीक वारी, सोबत माहितगार माणूस देऊन. शाळांना आधी. तिकीट थोडे का होईना ठेवा. प्री-वेडिंगवाल्यांचे काय, असा प्रश्न हल्ली हमखास येतो. पैसे मिळतात हे खरे, पण त्या घेरदार गाऊनखाली आमची एक अख्खी रांग रानहळद गेली. मी नाही म्हणतो. तुम्ही तुमचे ठरवा.

एकाच ठिकाणी सगळे ठेवले आणि वादळ, वणवा आला तर?

हावड्याचे उद्यान १७८७ चे. १८६४ च्या चक्रीवादळाने ते जवळजवळ भुईसपाट केले, २०२० मध्ये अंफानने पुन्हा झोडपले. तिथला प्रसिद्ध वड टिकला तो पारंब्यांवर. त्याचे मूळ खोड बुरशीमुळे १९२५ मध्येच काढावे लागले होते. तुमच्या झाडाला पारंब्या नसतील, म्हणून प्रत्येक दुर्मीळ जातीची रोपे दुसऱ्या दोन संस्थांना द्या, क्रमांकासकट. आणि वणवा आत येऊ नये म्हणून फेब्रुवारीत जाळपट्टा काढा.

वाढवलेली रोपे परत जंगलात लावता येतात का?

येतात, आणि ते झाले आहे. हबार्डिया हे इवलेसे गवत नामशेष झाले असे मानले जात होते. डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते तिलारी परिसरात पुन्हा सापडले, कोल्हापूरच्या उद्यानात त्याची रोपे वाढवली गेली. कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जातीही तिथे वाढवून पुन्हा निसर्गात लावल्या गेल्या. पण लावून फोटो काढला की काम संपत नाही. पुढची पाच वर्षे दर पावसाळ्यात जाऊन किती जगली, फुलली का, बी धरले का हे मोजावे लागते. आणि मूळ जागी ती का संपली, चराईने, वणव्याने की कंद खणणाऱ्यांनी, ते कारण तसेच असेल तर नवी रोपेही त्याच वाटेने जातील.

जमीन हातात आली आहे. सोमवारी पहिले काम काय करू?

दोनशे पानी वही घ्या आणि जमिनीवरून चालत जा. जे उगवले आहे ते लिहा. दर पंधरा दिवसांनी, वर्षभर. जेसीबीला या वर्षी आत येऊ देऊ नका. एका ओळखीच्यांच्या जागेवर मे अखेरीस काहीच नव्हते, सपाटीकरणाचा मुहूर्तही ठरला होता. ऑपरेटर दोन दिवस उशिरा आला. तोवर वळवाचा पाऊस झाला आणि बांधालगत शेवळे वर आली. ती खुडायला शेजारच्या वाडीतल्या बायका आल्या, आणि पुढच्या तासाभरात त्यांनी तिथल्या आणखी अकरा कंदांची नावे सांगितली. त्या उद्यानाच्या वहीचे पहिले पान तेच आहे.